होकायंत्राच्या शेजारी

"चूक विमानाची असेल, तर सही माझी का अडवलीत, सर?"

कॅप्टन निकुंभ बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली नाही.

"त्या कानात नको. या कानात सांग."

डावा कान त्यांचा कामातून गेला होता. बावीस वर्षं त्यांनी कपाशीवर औषध फवारणारी विमानं चालवली, विजेच्या तारा चुकवत, पिकाच्या शेंड्यांना चाकं लागतील इतक्या खालून. इंजिनाच्या आवाजाने तो कान खाल्ला. आता वय एकाहत्तर, आणि तापीकाठच्या या लहानशा फ्लाइंग क्लबात ते पोरांना उडायला शिकवत होते.

कल्याणी हंबर्डे बाकाला वळसा घालून उजव्या बाजूला गेली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी जरा मोठ्याने.

"सही अडवली नाही," सर म्हणाले. "विमान अडलंय. आणि ते तू अडवलंस."

ते खरंच होतं. काल संध्याकाळी उतरल्यावर कल्याणीने विमानाच्या दोषवहीत ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : होकायंत्र तीस अंश चुकीचं दाखवतं. बदलावं. खाली सही, तारीख. आता नियम असा की दोषवहीत एकदा ओळ पडली की इंजिनिअरने तपासून सही केल्याशिवाय ते विमान चाकही हलवत नाही. क्लबाकडे विमानं दोन. दुसऱ्याचं इंजिन महिनाभर टेबलावर सुटं पडलेलं.

"मला वाटलं हमीदभाई रात्रीतून दुसरं बसवतील," ती म्हणाली.

क्लबाचे इंजिनिअर हमीदभाई तिथेच पाना पुसत उभे होते. ते हसले.

"होकायंत्र म्हणजे काय सायकलची घंटी आहे का पोरी? मागवलं तर यायला पंधरा दिवस. आणि खरं सांगू? नाचता येईना, अंगण वाकडं."

कल्याणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

झोंबणारच. पोरगी हुशार, क्लबातल्या सगळ्या लेखी परीक्षांत पहिली, आणि आजचा दिवस तिचा होता. तिच्या उड्डाणवहीत सरांची सही झाली की आज तिला एकटीने विमान घेऊन नांदेडला जायचं होतं. जवळपास दोन तासांचं उड्डाण, शेजारच्या सीटवर कुणी नाही. हे उड्डाण झाल्याशिवाय लायसनच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षा आठ दिवसांवर आलेली. आज हुकलं तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. त्यात तिकडे नांदेडला तिचे वडील सकाळपासून विमानतळाच्या कुंपणाशी येऊन बसलेले. तेवीस वर्षं एसटी चालवलेला माणूस; लेक आभाळातून गावात उतरणार म्हणून दशम्या बांधून आला होता. दोनदा फोनही करून झाला होता त्यांचा : "निघालीस का गं?"

"सर, मी नुसतं म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा आहे," कल्याणी म्हणाली. "टॅब्लेट."

"हां. तो काल बसवलास तो."

"हो."

ती पुढच्या बोलण्याची वाट बघत राहिली. आता सर चिडणार, आमच्या वेळी नकाशा मांडीवर घेऊन आम्ही कसे फिरायचो ते सांगणार, असं तिला पक्कं वाटलं होतं. उत्तरंही तिने तयार ठेवली होती.

"चांगलं यंत्र आहे," सर म्हणाले. "मला आवडतं."

तयार ठेवलेली उत्तरं तशीच राहिली.

"मग तुम्हाला कळलंच असेल, सर. टॅब्लेटवर नकाशा चालू होता, खाली तापी दिसत होती, रेल्वेचा रूळ दिसत होता. सगळं एकमेकांशी जुळत होतं. एकटं होकायंत्र वेगळं बोलत होतं. जुनं झालंय ते. जुनी वस्तू कधीतरी दगा देणारच."

शेवटचं वाक्य जरा जास्त झालं, हे तिलाही बोलल्यावर कळलं.

सरांनी बशीतला शेवटचा घोट घेतला.

"चल," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला विचारून बघू."

...

हँगरसमोरच्या काँक्रीटवर पांढऱ्या रंगाने एक मोठं वर्तुळ आखलेलं होतं. त्यात पंधरा-पंधरा अंशांवर रेषा, आणि प्रत्येक रेषेच्या टोकाला आकडा. होकायंत्र तपासायचं ते इथे. विमानाचं नाक ज्या रेषेवर, तोच आकडा आत होकायंत्राने दाखवायचा. इतकी साधी परीक्षा.

तिघांनी विमान ढकलत वर्तुळात आणलं. लहान विमान, पुढे दोन माणसं बसतील असं. तीन जणांना सहज हलतं.

"आता अंगावरचं लोखंड काढा," सर म्हणाले.

हमीदभाईंनी पाने, किल्ल्या, चष्म्याची डबी काढून बाकावर ठेवली. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशातला अडकित्ता काढला, आणि मग कमरेचा पट्टासुद्धा. बकलात लोखंड असतं ना! पँट घसरायला लागली तशी हमीदभाईंनी सुतळीचा तुकडा पुढे केला. क्लबाचा सर्वांत मोठा वैमानिक सुतळीने पँट बांधून उभा राहिला, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

कल्याणीला हसू येत होतं. तिने केसातल्या पिना काढल्या, मोबाइल बाकावर ठेवला.

"राहिलं काही?" सरांनी विचारलं.

"नाही."

"बघ हां. आत काही?"

तिने दारातून डोकावून बघितलं. सीटवर काही नव्हतं, खाली काही नव्हतं. मागच्या कप्प्यात प्रथमोपचाराची पेटी होती. ती काढून तिने हमीदभाईंच्या हातात दिली.

"आता काही नाही, सर."

हमीदभाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

कल्याणी डाव्या, म्हणजे वैमानिकाच्या सीटवर बसली. सर उजवीकडे, त्यांच्या नेहमीच्या जागी. हमीदभाईंनी नाकाला दांडी लावून विमान फिरवलं आणि एकशे पस्तीसच्या रेषेवर अगदी बरोबर आणून उभं केलं. नांदेडची दिशा तीच, एकशे पस्तीस.

होकायंत्र समोरच्या काचेला मधोमध टांगलेलं होतं. लिंबाएवढी काचेची डबी, आत तेलात तरंगणारी आकड्यांची चकती. त्याच्या खाली हमीदभाईंच्या बारीक अक्षरातलं एक कार्ड. आणि कार्डाच्या शेजारी, एक वीतही अंतर नाही, कल्याणीचा टॅब्लेट.

"किती?" सरांनी विचारलं.

कल्याणीने होकायंत्राकडे बघितलं. मग सरांच्या भुवयांकडे. ही तिची जुनी सवय. विमान वळवायचं असो की उतरवायचं, आधी एक नजर सरांच्या भुवयांकडे जायची. भुवई स्थिर असली की आपलं बरोबर आहे. तिला स्वतःला ही सवय ठाऊक नव्हती.

"एकशे पाच," ती म्हणाली. आणि मग आवाज चढला. "बघा सर! एकशे पस्तीसच्या रेषेवर उभे आहोत आणि एकशे पाच! तीस अंशांचा फरक! मी लिहिलं ते खोटं होतं का?"

"नाही. अगदी खरं होतं."

"मग?"

"मागच्या आठवड्यात तू याच विमानाने एकटी तासभर उडालीस. तेव्हा किती चुकत होतं?"

"तेव्हा... तेव्हा ठीक होतं."

"आणि काल?"

"काल तीस अंश."

सर पुढे वाकले आणि होकायंत्राखालच्या कार्डावर बोट ठेवलं.

"हे वाच."

तिने कितीतरी वेळा वाचलं होतं. होकायंत्र कुठल्या दिशेला किती चुकतं, त्याची यादी. इथे एक अंश, तिथे दोन, उत्तरेला काही नाही.

"या विमानात यंत्रं अकरा," सर म्हणाले. "आपली चूक लिहून गळ्यात अडकवून फिरणारं हे एकटंच. असा माणूस एका रात्रीत तीस अंश खोटं बोलायला लागला, तर मी आधी काय बघेन?"

"काय?"

"काल घरात नवीन कोण आलं ते."

...

कल्याणीने कार्ड पुन्हा वाचलं.

"तुझा टॅब्लेट दाखव बरं जरा," सर म्हणाले. "बसवलाय छान. स्क्रू नाही, पट्टी नाही. चिकटतो कसा?"

आपल्या वस्तूचं कौतुक झालं की माणूस बाकीचं विसरतो. कल्याणीचंही तेच झालं.

"त्याचीच तर गंमत आहे, सर! जवळ नेला की आपोआप टक्कन बसतो. कितीही हादरे बसू देत, हलत नाही. आत चांगलं दणकट चुंबक आहे, त्यामुळे..."

ती थांबली.

तोंड उघडंच राहिलं तिचं. चुंबक हा शब्द तिने स्वतःच उच्चारला होता, आणि आता तो परत घेता येत नव्हता.

सरांनी टॅब्लेट धरून ओढला. टक्. तो सुटून हातात आला, आणि पाठीला चिकटलेली चुंबकाची चकती त्याच्याबरोबर आली.

तेलातली आकड्यांची चकती हलली. सावकाश फिरत गेली. एकशे दहा... एकशे वीस...

सरांनी टॅब्लेट होकायंत्रापासून एका वितेवर धरला.

"किती?"

"एकशे वीस," ती पुटपुटली.

"या कानात."

"एकशे वीस, सर."

एक हात लांब नेला.

"किती?"

"एकशे चौतीस."

मग सर टॅब्लेट घेऊन खालीच उतरले आणि विमानापासून दहा पावलं चालत गेले. त्यांनी लांबूनच हात केला.

"किती?"

"एकशे पस्तीस!"

बाहेर हमीदभाईंना राहवलं नाही.

"काखेत कळसा, गावाला वळसा," ते म्हणाले. "माझ्या चष्म्याची डबी बाहेर काढायला लावली की हो पोरीने!"

कल्याणीला रडू यायचं तेवढं बाकी होतं. लाज वाटत होती, आणि तीही कुणी रागावलं म्हणून नाही. कुणीच रागावलं नव्हतं. सगळ्या परीक्षांत पहिली येणाऱ्या मुलीने पुस्तकाच्या पहिल्या धड्यात वाचलेली गोष्ट स्वतःच्या हाताने केली होती, आणि वर होकायंत्राला जुनं म्हणाली होती.

सर परत आले.

"टॅब्लेट बरोबरच सांगत होता ना?" ते म्हणाले.

"हो."

"आणि चैत्राच्या उन्हात काचेमागे तापून तो बंद पडला असता तर?"

तिने डोळे मिटून हिशेब केला. टॅब्लेट बंद, पण चुंबक तसंच. मग ती होकायंत्र बघून एकशे पस्तीस पकडणार. म्हणजे खरी दिशा एकशे पासष्ट.

"बीड," ती म्हणाली. "मी बीडच्या बाजूला गेले असते."

"आणि वडील?"

कुंपणाशी बसलेले अण्णा तिला दिसले. दशम्यांचं फडकं मांडीवर, मान वर.

...

हमीदभाईंनी विमान बाकीच्या रेषांवर फिरवून होकायंत्र तपासलं, कार्डाशी ताडून पाहिलं, विमान पुन्हा एकशे पस्तीसवर उभं केलं आणि दोषवही आणली. कल्याणीने पेन घेतलं आणि आपली कालची ओळ खोडायला गेली.

"अं हं," हमीदभाईंनी वही ओढली. "या वहीत खोडायचं नसतं."

"पण ती ओळ चुकीची आहे."

"काल ती खरी होती," सर म्हणाले. "राहू दे. खाली लिही."

तिने बराच वेळ घेतला. मग लिहिलं : होकायंत्रात दोष नाही. त्याच्या शेजारी चुंबक मी बसवलं होतं. काढलं. खाली सही केली, आणि ही सही कालच्यापेक्षा लहान होती. हमीदभाईंनी त्याखाली आपली ठोकली. विमान मोकळं झालं.

साडेनऊ वाजले होते. अकराच्या आत निघायला हवं होतं. नंतर ऊन चढलं की विमान हवेत उसळत राहतं.

"सर, टॅब्लेट घरी ठेवू का?" तिने विचारलं.

"का? त्याने काय केलं?"

तिने चुंबकाची चकती टॅब्लेटच्या पाठीवरून खरवडून काढली आणि हमीदभाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पान्याला चिकटवून टाकली. मग सीटवर बसून तिने कापडी पट्ट्याने टॅब्लेट उजव्या मांडीवर बांधला. होकायंत्राकडे बघितलं : एकशे पस्तीस, हललं नाही. तेवढ्यावर ती थांबली नाही. विमानाचं हँडल तिने पोटापर्यंत मागे ओढलं, डावीकडे पूर्ण फिरवलं, उजवीकडे पूर्ण फिरवलं. उजवीकडे फिरवताना त्याचं टोक टॅब्लेटच्या कोपऱ्याला घासलं. तिने पट्टा सोडला, टॅब्लेट चार बोटं गुडघ्याकडे सरकवला, पुन्हा बांधला, पुन्हा सगळं फिरवून बघितलं. आता कुठेच अडत नव्हतं.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हमीदभाईंनी सरांकडे बघितलं. सर आपल्या पँटची सुतळी सोडून पट्टा घालण्यात गुंग होते.

मग त्यांनी तिच्या उड्डाणवहीत सही केली.

"जा."

कल्याणीने पट्टे बांधले. चेकलिस्ट काढली. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली... आणि पुन्हा पहिली वाचली.

सर तिच्या दाराशी उभे होते, पंखाच्या दांडीला हात लावून.

"सर..."

"या कानात."

"तुम्ही चला ना बरोबर."

सर बघत राहिले.

"आजच्या दिवस फक्त," ती घाईघाईने म्हणाली. "काही बोलू नका, काही करू नका. नुसते शेजारी बसा. इतकं समोर होतं सर, आणि मला दिसलं नाही. अजून काय काय दिसत नसेल? हे उड्डाण एकटीचं धरलं नाही तरी चालेल. परीक्षा पुढच्या वेळी देईन. अण्णांना मी सांगते समजावून."

आणि एवढं बोलून तिने त्यांच्या भुवयांकडे बघितलं.

सरांनी ते बघणं बघितलं. पंचेचाळीस तास ते शेजारी बसून तेच बघत आले होते.

त्यांनी पंखाच्या दांडीवरचा हात काढला. एक वीत मागे सरकले.

"किती?"

तिला कळेना. "काय सर?"

"होकायंत्र. किती?"

"एकशे पस्तीस."

ते एक हात मागे गेले.

"आता?"

"एकशे पस्तीसच आहे, सर."

मग ते वळले आणि चालू लागले. पांढरं वर्तुळ ओलांडलं, हमीदभाईंच्या समोरून गेले, बाकापर्यंत पोहोचले. बसले. बशी रिकामी होती तरी उचलून बघितली.

"किती?" त्यांनी तिथून हाक दिली.

कल्याणी होकायंत्राकडे बघत होती. आकडा हलत नव्हता. तिने मान वर केली. बाकावरचा माणूस इतका लांब होता की त्याच्या भुवया दिसतच नव्हत्या. मग तिने समोर बघितलं, रेषेच्या टोकाला, धावपट्टीपलीकडे, जिकडे नांदेड होतं तिकडे.

"एकशे पस्तीस!" ती ओरडली. कुणाला विचारल्यासारखं नाही.

सरांनी डावा कान तिच्याकडे केला आणि त्याच्यामागे हात धरला.

"इथून मला काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तुझं तू बघ."